शहाद्याच्या ताईने विचारलंय: फोटो भारी म्हणतात सगळे, मग काम का येत नाही?

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याहून एका ताईने मला विचारलंय की दादा, कॅमेरा घेऊन दोन वर्षं झाली, सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा, काठी गावची होळी, तोरणमाळचा डोंगर असे फोटो इन्स्टाग्रामवर टाकते, लोकं भारी भारी म्हणतात पण पैसे देऊन कोणीच बोलवत नाही, नात्यातली दोन बारशी फुकट केली तेवढीच, एका खाजगी शाळेत नोकरी आहे ती सोडून पूर्णवेळ यात उतरू का, वाइल्डलाइफ म्हणजे जंगलातल्या पशुपक्ष्यांचे फोटो काढून चालेल का, आणि घरचे म्हणतात लग्नात पोरीने कॅमेरा घेऊन फिरणं बरं दिसत नाही, त्याचं काय करू. मी जळगावात तेवीस वर्षं ह्याच कामावर घर चालवतोय, रोलच्या जमान्यात सुरुवात केली, एका रोलमध्ये ३६ फोटो आणि तेवढ्यात अख्खा साखरपुडा बसवायचा, त्यामुळे जे माहीत आहे ते सांगतो, लांब होईल पण वाच.

नोकरी आत्ता सोडू नको. एक पूर्ण सिझन नोकरी सांभाळून कर, तुळशीच्या लग्नानंतर तिथी सुरू होतात तिथपासून अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया आणि पुढे पाऊस पडेपर्यंत, आणि शनिवार रविवारच्या ऑर्डरी घे. आपल्याकडे लग्नाचा खर्च कापसाच्या आणि केळीच्या भावावर ठरतो, भाव पडला की तोच माणूस जो तीन दिवसाचं शूट बोलला होता तो म्हणतो भाऊ फक्त लग्नाचं करून घ्या. नंतर आषाढी ते कार्तिकी चार महिने लग्नं नाहीत, म्हणजे उत्पन्न जवळपास बंद. हे चार महिने काढायला बाजूला पैसा असेल तेव्हाच नोकरी सोडायचा विचार कर.

आता काम का येत नाही ते. मी तुझं पेज खालपर्यंत पाहिलं, तीनशेच्या वर फोटो आहेत, घोडे, धुकं, पळस, तापीवरचा सूर्यास्त, आणि खरं सांगतो त्यातले दहा पंधरा फोटो मला स्वतःला काढायला आवडले असते इतके चांगले आहेत. पण त्यात एकही नवरी नाही ना एकही बाळ. दोंडाईच्याच्या ज्या बापाला पोरीचं लग्न आहे तो हे पेज बघून म्हणतो पोरगी हौशी आहे, छान काढते, आणि फोन मात्र ओळखीच्या स्टुडिओला लावतो. त्याला पाहिजे असतं त्याच्या घरच्यासारखं लग्न, तसलाच लॉन, तसलाच निळा गुलाबी लायटिंगचा स्टेज, सावळी नवरी उन्हात कशी दिसते, तिचा शालू खरा रंग दाखवतो की नाही. ते दिसलं की तो विश्वास टाकतो. मी एका पावसाळ्यात सलग दीड महिना फक्त लहान बाळांचेच फोटो टाकले होते, बाकी काही नाही, आणि दिवाळीपर्यंत बारशाच्या नऊ ऑर्डरी आल्या, त्याच्या आधीच्या वर्षी दोन होत्या. जे टाकशील त्याचंच विचारतील, ह्या धंद्यात मला सगळ्यात उशिरा समजलेली गोष्ट हीच.

म्हणून आधी ठरव तुला कोणतं काम पाहिजे. लग्न, बाळं, दुकानाचा माल, शेतीमाल, काहीही, पण सुरुवातीला एक दोनच. मग ते काम तुझ्याकडे नसेल तर ते मिळव, सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे एखाद्या चांगल्या स्टुडिओवाल्याकडे एक्स्पोजिंगला, म्हणजे त्याच्या ऑर्डरीत कॅमेरा चालवायला जा, दिवसाचे ठरलेले पैसे मिळतात, ऑर्डर त्याची असते, जबाबदारी पण त्याची, आणि तू बघून शिकतेस. पण जायच्या आधीच त्याला विचार की ह्यातले पाच सहा फोटो मी माझ्या नावाने दाखवू का. बरेच जण नाही म्हणतात, काही जण हो म्हणतात, तू हो म्हणणाऱ्याकडे जा. मी तरुण असताना हे विचारलं नाही आणि दोन वर्षं ज्यांच्याकडे राबलो त्यांनी नंतर एक फोटो दाखवू दिला नाही, माझे हात होते पण दाखवायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.

आणि दाखवताना एक एक सुटा फोटो दाखवू नको, एक पूर्ण लग्न दाखव. सुटा फोटो एखादा सगळ्यांनाच चांगला मिळतो. तीस चाळीस फोटो, पहाटेच्या हळदीपासून पाठवणीपर्यंत, त्यात मामा असला पाहिजे, रुसलेली आत्या असली पाहिजे, पंगतीत वरण बट्टी वाढणारा पोऱ्या असला पाहिजे, नवरीच्या आजीचे हात असले पाहिजेत. लोकं अल्बम बघताना नवरा नवरीचे फोटो पटपट उलटतात आणि आजीवर थांबतात, हे मी शेकडो घरात बसून बघितलंय.

निवडायचं कसं ते पण सांगतो. तीनशेतून साठ काढ, साठाचे पोस्टकार्ड साइजचे प्रिंट काढून आण, एक प्रिंट दहा पंधरा रुपयात होतो, आणि घरात जमिनीवर पसरून चार दिवस तसेच राहू दे. येता जाता जो फोटो नजरेला पुन्हा ओढत नाही तो उचलून ठेव. आईला बोलव, शेजारच्या काकूंना बोलव, त्यांना काय आवडलं ते विचारू नको, फक्त त्या कुठे थांबतात ते बघ. शेवटी बारा राहिले पाहिजेत. मोबाईलवर हे जमत नाही, तिथे सगळेच फोटो चमकतात. दर तीन महिन्यांनी ताजे चार घाल आणि जुने चार काढ, म्हणजे लोकांना कळतं की हिचं काम सध्या चालू आहे.

तू होळीचे जे फोटो टाकलेत त्याबद्दल थोडं, कारण त्यात मेहनत दिसते पण सगळे चेहरे लालभडक झालेत. काठीची राजवाडी होळी पहाटे पेटते, रात्रभर लोकं ढोलावर नाचत असतात, बुध्या झालेले लोक अंगावर राखेचे ठिपके, कमरेला घुंगरू आणि भोपळे, डोक्यावर मोरपिसांचा टोप, आणि उजेड म्हणशील तर विझत आलेले बल्ब आणि नंतर एकदम ज्वाळा. कॅमेरा ऑटोवर असला की तो काळ्या आकाशाला बघून फोटो उजळवतो आणि चेहरे जास्त उजळून फुटतात. मॅन्युअलवर ये, ५० एमएमची एफ १.८ वाली लेन्स पूर्ण उघड, शटर १/१२५, आयएसओ, म्हणजे उजेड पकडायची संवेदनशीलता, ३२०० पासून सुरू कर आणि एक दोन फोटो काढून गालाकडे बघ, आकाशाकडे नाही. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाची ऊब ठरवणारी सेटिंग, ऑटोवर ठेवू नको, हाताने ३००० केल्विनच्या आसपास लाव, आगीचा उजेड त्याच्याहूनही पिवळा असतो त्यामुळे ऊब राहते पण कातडी कातडीसारखी दिसते. कॅमेऱ्याची कच्ची मूळ फाईल असते त्या रॉमध्ये फोटो काढ म्हणजे नंतर सुधारता येतं. आणि आगीच्या समोर उभी राहू नको, बाजूला उभी राहा, म्हणजे गोल फिरताना त्यांचा अर्धा चेहरा उजळतो आणि अर्धा अंधारात राहतो, तिथे फोटो आहे. बुध्या होणं ही त्यांची मानता म्हणजे नवस असतो, पाळणूक असते, म्हणून जवळ जायच्या आधी नजरेने विचार, मानेने हो म्हटलं तरच पुढे हो.

लॉनमध्ये मात्र वेगळी अडचण, तिथले एलईडी. फोटोत आडवे काळे पट्टे येतात तेव्हा पोरं म्हणतात कॅमेरा बिघडला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे स्वस्तातले लाइट सेकंदाला १०० वेळा कमी जास्त होतात, शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की बहुतेक वेळा पट्टे जातात. स्टेजमागच्या एलईडी वॉलची गोष्ट वेगळी, तिथे आधीच जाऊन ट्रायल घे. आणि मे महिन्यात, आपल्या ४४-४५ डिग्रीत, बॅग उन्हातल्या गाडीत ठेवू नको, सेल फुगतात.

जळगाव सोन्याचं गाव म्हणून दुकानांचं कॅटलॉगचं काम बऱ्यापैकी आहे, नंदुरबार धुळ्यातही सराफ आता इन्स्टाग्रामवर माल दाखवतात, आणि हे काम चातुर्मासात पण मिळतं म्हणून सांगतो. घरच्या खिडकीत शिकता येतं. आईची मंगळपोत घे. उत्तरेकडची खिडकी असेल तर उत्तम, तिला बटर पेपर लाव, खाली पांढरा मॅट कागद, पोत वळवून ठेव की दोन्ही वाट्या कॅमेऱ्याकडे बघतील. पहिल्या फोटोत सोनं पितळेसारखं सपाट दिसेल, कारण सोनं आरशासारखं असतं, समोर जे पांढरं दिसतं तेच परत दाखवतं. आता काळ्या कार्डशीटची बोटभर रुंद पट्टी काप आणि लेन्सच्या बाजूला, फ्रेमच्या बाहेर धर, हळूहळू आत आण. वाटीच्या कडेवर एक काळी रेघ उमटेल आणि वाटी एकदम गोल होईल, उचलून घ्यावीशी वाटेल अशी. ती रेघ कुठे पाहिजे हे ठरवण्यातच सगळं कौशल्य आहे, माझा एका नगाला कधी कधी अर्धा तास जातो. ट्रायपॉड, एफ ११, दोन सेकंदाचा टायमर, आणि काढायच्या आधी मऊ कपड्याने पुसून घे, बोटाचा ठसा मोबाईलवर दिसत नाही पण होर्डिंगवर ताटाएवढा दिसतो. मंगळपोत, एक अंगठी, एक पाटली असे सहा फोटो कर आणि ते घेऊन गावातल्या सराफाकडे जा, प्रिंट घेऊन जा, लिंक पाठवू नको.

वाइल्डलाइफचं विचारलं होतंस. आवड म्हणून जरूर कर, पोटासाठी त्यावर विसंबू नको. पण तुझ्या तालुक्याचं ह्यात मोठं नाव आहे हे तुला माहीत असायला पाहिजे. रानपिंगळा हे छोटं घुबड, १८८४ नंतर कोणालाच खात्रीने दिसलं नव्हतं, जग नामशेष समजून बसलं होतं, ते नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडलं, ११३ वर्षांनी. म्हणून त्याचा फोटो मिळाला तर जागा टाकू नको, मोबाईलचं लोकेशन बंद ठेव, आणि आवाज वाजवून पक्षी बोलवायचा प्रकार तर अजिबात करू नको, तो बिचारा समजतो दुसरा नर आलाय आणि खाणंपिणं सोडून भांडायला येतो.

आता हक्काचं, इथे बहुतेक फोटोग्राफर अडकतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कोणी पैसे देऊन तुझ्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळं काही लिहून ठरलं नसेल तर त्या फोटोचा पहिला मालक तो पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो तू काढलेस तरी न विचारता पेजवर टाकणं चुकीचं. म्हणून ऑर्डर घेतानाच एक पानाचा मराठीत कागद कर, त्यात तारीख, किती तास, किती माणसं, अल्बमची किती पानं, फोटो कधी मिळणार, किती पैसे आधी, आणि एक ओळ की फोटोग्राफरला कामाचा नमुना म्हणून वीस फोटो दाखवायची परवानगी आहे. नवरीची सही घे, फक्त तिच्या बापाची नको, चेहरा तिचा आहे. कोणी नाही म्हटलं तर नाही, त्यांचे फोटो कितीही भारी असोत. आणि जे तू स्वतःहून काढलेस, घोडे, होळी, ते तुझेच, तुझ्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं.

माझा एक बैलपोळ्याचा फोटो एका दुकानाने चौकातल्या बॅनरवर लावला होता, विचारलं नाही, नाव नाही, आणि चूक माझी एवढीच की मी कोणालातरी पूर्ण साइजची फाईल प्रेमाने पाठवली होती. ओरिजिनल रॉ माझ्याकडे होती म्हणून माझा आहे हे दाखवता आलं आणि पैसे मिळाले. तेव्हापासून बाहेर जाणारी फाईल १०८० बाय १३५० ची, इन्स्टाग्रामला तेवढी पुरते, आणि फाईलच्या माहितीत नाव भरलेलं, जरी व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की ते पुसलं जातं तरी.

पैशाचं गणित. समज बॉडी आणि लेन्स मिळून १,२०,००० गेले, तीन वर्षं चालेल, वर्षाला ४० ऑर्डरी, तर प्रत्येक ऑर्डरीमागे १००० रुपये नुसते कॅमेऱ्याचे, अजून तुझा एक रुपया सुटला नाही. एका लग्नात अडीच हजार फोटो होतात, एक दिवस उभं राहायचं, एक दिवस निवडायचं, तीन दिवस एडिटिंग, म्हणजे एका दिवसाच्या लग्नाला पाच दिवस मजुरी धर आणि मग भाव सांग. अर्धे पैसे तारीख ठरताना, बाकीचे अल्बम द्यायच्या आधी. लग्न झाल्यावर मागायला गेलं की सगळे मंडपवाल्याच्या मागे लागलेले असतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करून घे, ऑनलाइन आहे आणि फुकट आहे, जीएसटीची नोंदणी वर्षाला २० लाखाच्या वर उलाढाल गेली की करावी लागते, तिथे तू आत्ता नाहीस. ड्रोन घ्यायची घाई करू नको, २५० ग्रॅमच्या वरचं धंद्यासाठी उडवायचं तर पायलटचं सर्टिफिकेट लागतं, ऑर्डर असेल तेव्हा परवाना असलेला माणूस भाड्याने बोलव.

बॅकअपवर मी जरा जास्त बोलणार आहे. अडीच हजार रॉ, एक साधारण २८ एमबी, म्हणजे एका लग्नाचे ७० जीबी. हे दोन वेगळ्या हार्डडिस्कवर गेल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, आणि एक डिस्क दुसऱ्या घरात ठेवायची. एका हळदीत माझं कार्ड गेलं, कॅमेऱ्याला एकच स्लॉट होता, रिकव्हरी करून बरेच फोटो परत आले पण नवरीच्या आजोबांनी तिला हळद लावतानाचे आले नाहीत, आणि ते आजोबा त्याच पावसाळ्यात गेले. मी त्या घरी जाऊन सांगितलं, पैसे परत केले, त्यांनी घेतले नाहीत. आजही त्या गल्लीतून जाताना मला आठवतं. दोन कार्डांचा कॅमेरा घे, जुना घे पण दोन स्लॉटचा घे.

भुसावळला रॉबर्ट गिल ह्या इंग्रज लष्करी अधिकारी आणि चित्रकाराची कबर आहे, कधी आलीस तर बघ. १८४४ मध्ये त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायच्या कामावर नेमलं, वर्षानुवर्षं त्या लेण्यांत बसून त्याने मोठमोठे कॅनव्हास रंगवले, ते लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये लावले होते आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळे जळाले. सगळं एकाच छपराखाली. पण तोवर तो कॅमेरा हातात घेऊन लेण्यांचे फोटो पण काढायला लागला होता, १८६४ मध्ये ते पुस्तकात लागले, प्रती ठिकठिकाणी गेल्या आणि आजही बघायला मिळतात. अजिंठ्याला पोरं घेऊन गेलो की मी हे सांगतोच.

घरच्यांचं. होमाई व्यारावाला, देशातल्या पहिल्या बाई प्रेस फोटोग्राफर, नवसारीत जन्मल्या, १९१३ साली, आपल्या तापीकाठच्या सुरतेजवळ, आणि त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे, नंतर स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली त्यांनी टिपली आणि २०११ ला पद्मविभूषण मिळालं. आईला हे सांग, आणि दुसरं जास्त उपयोगी सांगतो, नवरी तयार होते त्या खोलीत मला जाता येत नाही. मी दारात उभा राहून दार उघडायची वाट बघतो. बाळंतिणीच्या खोलीत तसंच, कानबाई देवी बसते त्या रात्री बायकांच्या फुगड्या चालतात तिथे तसंच. तिथले फोटो आपल्याकडे आजवर नीट कोणी काढलेलेच नाहीत. माझ्याकडे महिन्याला दोन तीन जण विचारतात की भाऊ लेडी फोटोग्राफर आहे का, आणि मला नाही म्हणावं लागतं. पहिल्या ऑर्डरीला सोबत भाऊ किंवा मैत्रीण असिस्टंट म्हणून ने, रात्रीची परत यायची गाडी यजमानाकडून ठरवून घे आणि ते कागदावर लिही. आईला एकदा सोबत घेऊन जा, तिने एक नवरी तुझ्याशी बोलताना बघितली की पुढचं ती स्वतः सांभाळेल. तुझं नाव प्रत्येक अल्बमच्या शेवटच्या पानावर छापून घे, स्टुडिओचं नाही, तुझं.

आणि सारंगखेड्याला जाशीलच दत्त जयंतीला, तर मागच्या वर्षीचे प्रिंट बरोबर घेऊन जा. मी एकदा शिंदखेड्याकडच्या एका घोडीवाल्या आप्पांचा फोटो काढला होता, पांढरी घोडी, मागे तापीच्या घाटावर धूळ, आप्पा तिच्या कपाळावर कपाळ टेकवून उभे. पुढच्या वर्षी आठ बाय बाराचा प्रिंट घेऊन गेलो आणि एकमुखी दत्ताच्या मंदिरापासून बाजारभर विचारत फिरलो, दुपारी सापडले. घोडी विकली गेली होती. त्यांनी प्रिंट हातात घेतला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग उपरण्यात गुंडाळला आणि विचारलं, "पोरनं लगीन शे भाऊ, कितला लेशी?", म्हणजे पोरीचं लग्न आहे भाऊ, किती घेशील? त्या लग्नातून पुढे त्यांच्या भावकीतली सात लग्नं मी केली, आठवं येत्या वैशाखात आहे, हळद आदल्या दिवशी संध्याकाळी. तिथे नवरीच्या खोलीत जाणारं कोणीतरी मला हवंच आहे, बारा प्रिंट घेऊन ये, बघू.